फुकट, चोरीचे आणि मुक्त



धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा आज्ञा म्हणून घेताना सातवी आज्ञा आली, की लहान मुलांच्या डोळ्यांपुढे दुकानातले चॉकलेट येते, मोठ्यांच्या डोळ्यांपुढे विहिरीवरून रातोरात गेलेली मोटार आणि केबल येते. लॅपटॉपच्या आत बसलेली वस्तू मात्र कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून आजचा पाठ तिच्याविषयी.

प्रसंग आपल्या घराघरांतला आहे. बारावी झाली, मुलाला किंवा मुलीला शिरूरला, मंचरला किंवा पुण्याला प्रवेश मिळाला. पहिल्याच सत्रात प्रकल्प टाइप करून द्यायचा असतो, कॉमर्सच्या मुलांना हिशेबाचे तक्ते करायचे असतात. वडील कांद्याच्या पट्टीतून पैसे बाजूला काढून जुना लॅपटॉप घेतात. मग कोणीतरी म्हणते, "वर्ड-एक्सेल हवे ना? दोनशे रुपये द्या, सगळे टाकून देतो." पेनड्राइव्ह लागतो, दहा मिनिटांत काम होते. अस्सल परवाना घ्यायचा तर काही हजार रुपये लागले असते. घरात सर्वांना वाटते, स्वस्तात काम झाले.

यावर तरुणांच्या वर्गात एका मुलाने सरळ प्रश्न टाकला. "फादर, ही चोरी कशी? मोटार नेली तर शेतकऱ्याकडे मोटार राहत नाही. इथे कंपनीचे सॉफ्टवेअर कंपनीकडेच आहे. मी फक्त प्रत घेतली. मग मी कोणाचे काय उचलले?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण त्यात अर्धे सत्य आहे. भाकरी एकाने खाल्ली की दुसऱ्याला उरत नाही, पण एका दिव्याने दुसरा दिवा लावला तर पहिल्याचा उजेड कमी होत नाही. विद्या, गाणे, गणिताची रीत आणि सॉफ्टवेअर या साऱ्या वस्तू दिव्याच्या जातीच्या आहेत. त्या वाटल्याने घटत नाहीत. म्हणून 'प्रत करणे' हे कृत्य आपोआप वाईट ठरत नाही.

उरलेले अर्धे समजण्यासाठी शेतावर चला. एका बाईने दिवसभर खुरपणी केली. संध्याकाळी मालक म्हणाला, "तुझे खुरपे तुझ्याकडेच आहे, हातही तुझेच आहेत. मी तुझे काय घेतले?" ऐकणारा प्रत्येक जण म्हणेल, त्याने तिची मजुरी बुडवली. तिच्या हातातून त्याने काही हिसकावले नाही, पण जे तिला द्यायचे होते ते दिले नाही. संत थॉमस अक्वायनस न्यायाचा अर्थ असाच सांगतात : ज्याचे त्याला देण्याची मनुष्याची टिकून राहिलेली इच्छा म्हणजे न्याय. कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सातव्या आज्ञेखाली अन्यायाची मजुरी, व्यवहारातील फसवणूक, हिशेबातील लबाडी हे सारे धरतो. यांतल्या कितीतरी गोष्टींत कोणाची वस्तू जागेवरून हलतही नाही. ज्याने आपल्या कष्टाचे फळ एका अटीवर बाजारात ठेवले, त्याची अट गुपचूप मोडून ते फळ वापरणे हे मजुरी बुडवण्याच्याच जातीचे आहे.

"पण ती कंपनी अमेरिकेतली, अब्जावधींची!" असेही मुले म्हणतात. बागायतदाराच्या शेतातला ऊस मोडला म्हणून तो आपला होत नाही. शिवाय सॉफ्टवेअर लिहिणारे सगळेच धनाढ्य नसतात. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करीत, त्यांचे धाकटे बंधू संजय कॉम्प्युटरचे शिक्षण घेत होते. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडत, म्हणून संजय यांनी १९९० च्या दशकात त्यावर उपाय करणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून 'क्विक हील' ही कंपनी उभी राहिली. मराठी टायपिंगसाठी छापखान्यांत वापरली जाणारी 'श्री-लिपी' हीसुद्धा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केली. अशा कामाची चोरटी प्रत घेतो, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या कोणाची तरी मजुरी बुडते.

देशाचा कायदाही माहीत असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब घातले गेले. प्रोग्रॅमची चोरटी प्रत आहे हे ठाऊक असून ती कॉम्प्युटरवर वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी शिक्षा त्यात आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर थांबू शकते. म्हणजे कायदा बनवणाऱ्यांनीही विद्यार्थी आणि धंदेवाईक यांच्यात फरक केला. तो योग्यच आहे. अभ्यासासाठी एक प्रत वापरणारा वीस वर्षांचा मुलगा आणि तीच प्रत शंभर जणांना विकणारा माणूस यांचा दोष सारखा नाही. पापाचे वजन करताना तराजू नीट धरावा लागतो. पण वजन कमी म्हणून ते शून्य होत नाही.

गरजेची सबब

धर्मज्ञान थोडे अधिक असलेला विद्यार्थी इथे आणखी एक मुद्दा काढील, आणि तो मुद्दा खरोखर संत थॉमस यांचाच आहे. 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या विभागात, सहासष्टाव्या प्रश्नात ते विचारतात : गरजेपोटी घेणे चोरी ठरते काय? त्यांचे उत्तर आजही ऐकणाऱ्याला धक्का देते. गरज उघड आणि तातडीची असेल, जिवावर बेतले असेल, आणि दुसरा कोणताच मार्ग नसेल, तर उपाशी माणसाने दुसऱ्याच्या विपुलतेतून आपला जीव वाचवण्यापुरते घेतले तर ती चोरी नव्हे. कारण देवाने पृथ्वी सगळ्यांसाठी दिली आहे. खाजगी मालकी नंतरची आहे आणि तिने त्या मूळ दानाची सेवा करायची आहे.

मग कॉलेजचा प्रकल्प या सदरात बसतो का? जिवावर तर बेतलेले नसतेच. आणि 'दुसरा मार्ग नसेल' ही अट आज पूर्णपणे कोसळली आहे. वर्ड-एक्सेल करते ते जवळजवळ सगळे काम करणारे सॉफ्टवेअर आज कायदेशीरपणे, एक पैसा न देता मिळते. ते वीस वर्षांहून अधिक काळ मिळत आहे. आपल्या मुलांना हे कोणी सांगितलेले नसते. त्यामुळे दोनशे रुपये देऊन मुले चोरीचा माल घेतात आणि शेजारी दान म्हणून ठेवलेली वस्तू तशीच पडून राहते, याचे मला फार वाईट वाटते.

आणि त्या दोनशे रुपयांत कधी कधी भलतेच घरात येते. परवान्याचे कुलूप तोडण्यासाठी जे 'क्रॅक' चालवतात, त्यांच्यातून २०१८ पासून 'स्टॉप' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. तो फोटो, निबंध, हिशेब अशा सगळ्या फाइलींना कुलूप घालून पैसे मागतो. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात असे झाले तर त्या मुलाचे काय होईल, हे पालकांनी मनात आणून पाहावे.

फुकट म्हटलेले सगळे एकसारखे नसते

आपल्याकडे म्हण आहे, फुकट ते पौष्टिक. पण फुकटच्याही जाती आहेत. इंग्रजीत 'विनामूल्य' आणि 'स्वतंत्र' या दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने तिथे पुष्कळ घोटाळा झाला. आपल्या मराठीत 'मोफत' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे, हे भाषेचे केवढे उपकार!

मोफतची एक जात अशी, की तुम्ही विद्यार्थी आहात तोवर ते तुमचे. मायक्रोसॉफ्ट स्वतः शिक्षणसंस्थांना अशी योजना देते. कॉलेजने नोंदणी केली असेल आणि तुम्हांला कॉलेजच्या नावाचा ई-मेल पत्ता दिला असेल, तर ब्राउझरमध्ये चालणारे अस्सल वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट वापरता येते. म्हणून पहिले काम, आपल्या कॉलेजच्या ऑफिसात किंवा कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन विचारा. लाजू नका. कॉलेजचा पत्ता नसला तरी मायक्रोसॉफ्टचे साधे खाते उघडून ही ब्राउझरमधली आवृत्ती कोणालाही वापरता येते. मात्र तिला इंटरनेट लागते, आणि कॉलेज सुटले की कॉलेजचे खाते बंद होऊ शकते. शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांनी आपल्या फाइली वेळीच उतरवून घ्याव्यात.

दुसरी जात गूगलच्या डॉक्स आणि शीट्सची. जीमेल असले की ते मिळते, मोबाइलवरही चालते. ज्या मुलांकडे लॅपटॉप नाही, फक्त फोन आहे, त्यांना हा चांगला आधार आहे. फाइल आधी 'ऑफलाइन'साठी राखून ठेवली तर एसटीत, रेंज गेल्यावरही तिच्यावर काम करता येते. तुमचे लिखाण त्या कंपनीच्या मशीनवर जाऊन बसते, हे ध्यानात ठेवून वापरा. प्रकल्पाला हरकत नाही, घरच्या खाजगी गोष्टी तिथे ठेवताना विचार करा.

तिसरी जात मुक्त सॉफ्टवेअरची, आणि मला मुख्यतः तिच्याचविषयी सांगायचे आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रॅमरने ही चळवळ सुरू केली. प्रोग्रॅम वापरण्याची, आतून कसा चालतो ते पाहण्याची, त्यात बदल करण्याची आणि त्याच्या प्रती इतरांना देण्याची मोकळीक सर्वांना असावी, असे त्यांचे म्हणणे. स्टॉलमन देव मानत नाहीत. पण शेजाऱ्याने मागितले तर त्याला 'नाही' म्हणायला लावणारा परवाना आपल्याला नको, या त्यांच्या विचारात शेजारधर्म ओळखू येतो.

या जातीतले आपल्या कामाचे सॉफ्टवेअर म्हणजे लिब्रेऑफिस. त्याची कुळकथा जर्मनीत सुरू होते. १९८५ च्या सुमारास मार्को ब्योरिस नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाने ल्यूनेबुर्ग गावात कंपनी काढली, तिचे 'स्टारऑफिस'. १९९९ मध्ये ते सन कंपनीने विकत घेतले आणि २००० साली त्याचा अंतर्भाग जगाला खुला केला. 'ओपनऑफिस' या नावाने ते पसरले. भारत सरकारने २००५ पासून भारतीय भाषांसाठी मोफत सीडी वाटल्या, त्यांतही त्याची भारतीय आवृत्ती होती. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. पुढे काय होणार या शंकेने बऱ्याच स्वयंसेवकांनी सप्टेंबरमध्ये वेगळी संस्था स्थापून लिब्रेऑफिस सुरू केले. मालक बदलला तरी काम बंद पडले नाही, कारण परवानाच तसा होता. खाजगी विहीर आणि गावची बारव यांत जो फरक, तोच इथे.

कसे घ्यावे

लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग या त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, भलत्या साइटवरून नको. फाइल साधारण साडेतीनशे एमबीची आहे, एकदा उतरवली की पेनड्राइव्हवर घालून दहा जणांना द्या. इथे ते देणे चोरी नाही, परवान्यातच तसे लिहिले आहे. नंतर इंटरनेटची गरज नाही. अलीकडच्या आवृत्त्यांना विंडोज १० किंवा ११ लागते, २०२५ च्या ऑगस्टमधील आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ चालत नाही. लॅपटॉप तितका जुना असेल तर त्यावर लिनक्स घालण्याचा विचार करावा. तीही मुक्त आहे आणि लिब्रेऑफिस बहुधा तिच्याबरोबरच येते. सी-डॅकने आपल्या देशासाठी 'बॉस' नावाची लिनक्स काढली आहे.

त्यात 'रायटर' म्हणजे वर्डचे काम, 'कॅल्क' म्हणजे एक्सेलचे, 'इम्प्रेस' म्हणजे पॉवरपॉइंटचे. बेरीज, सरासरी, 'इफ' ही सूत्रे तशीच लिहायची. एमएस-सीआयटी केलेल्याला एका दुपारात हात बसतो. मेनू मराठीतही करता येतात. अडचण येते ती फाइल सरांना पाठवताना. लिब्रेऑफिस आपल्या 'ओडीटी' प्रकारात फाइल ठेवते, म्हणून 'सेव्ह ॲज' करताना वर्डचा 'डॉक्स' प्रकार निवडा. तरीही तक्ते आणि चित्रे कधी थोडी सरकतात. फक्त वाचायला द्यायचे असेल तर पीडीएफ करून द्या, मग काहीच हलत नाही. एक प्रामाणिक सूचना : परीक्षा एक्सेलवरच असेल तर शेवटचे काही दिवस कॉलेजच्या लॅबमध्ये एक्सेलवर सराव करा. बटणांच्या जागा वेगळ्या असतात आणि परीक्षेत ती शोधण्यात वेळ जातो.

मराठी लिहिणार असाल तर युनिकोडमध्येच लिहा. त्यासाठीही मुक्त फॉन्ट आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्त' आहे, आणि 'लोहित', ज्याचे बरेच काम रेड हॅट कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून झाले.

शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो. आय.आय.टी. मुंबईचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य हे केमिकल इंजिनिअरिंगचे. त्यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या मदतीने 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम सुरू झाला. पडद्यावर काय करायचे ते दाखवत, शेजारी बसून सांगावे तसे दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत. रायटर आणि कॅल्कचे धडे मराठी आवाजातही आहेत. गावाकडच्या, इंग्रजी कच्चे असलेल्या, शिकवणीला पैसे नसलेल्या विद्यार्थ्याला एकट्याने शिकता यावे म्हणून हे धडे असे घडवले. एक धडा बघायचा, थांबवायचा, स्वतः करून पाहायचे, मग पुढे. शेवटपर्यंत नुसते बघत बसलात तर हाती काही लागणार नाही.

आपल्या घरातला जुना दाखला

प्रत करण्याविषयी ख्रिस्तसभा नाक मुरडते असे कोणी समजू नये. आपला मराठी ख्रिस्ती वारसाच प्रती करणाऱ्यांनी टिकवला. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. गोव्यात देवनागरी टाइप नव्हता, म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. पुढे दोन आवृत्त्या निघाल्या. आज त्या तिन्हींपैकी एकही छापील प्रत जगात उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. पुराण जगले ते भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्या जपल्या, आणि तशाच पोथ्यांवरून १९०७ मध्ये सालढाणा यांनी मंगळूरला ते पुन्हा छापले. फादर स्टीफन्सना त्या पोथ्या करणाऱ्यांचा राग आला असता का? लोकांनी ओव्या म्हणाव्यात म्हणूनच त्यांनी त्या रचल्या होत्या. कर्त्याने देऊ केलेले पसरवणे हा त्याचा मान आहे, आणि त्याने राखून ठेवलेले उचलणे हा अपमान. सातव्या आज्ञेची रेषा या दोहोंमधून जाते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या 'चेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात लिहिले, की आपल्या काळात जमिनीइतकीच महत्त्वाची मालकी ज्ञानाची, तंत्राची आणि कौशल्याची आहे, आणि पुष्कळ गरीब त्यापासून बाहेर ठेवले गेले आहेत. जमीन वाटणे कठीण, एकाची कमी केल्याशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. ज्ञानाचे तसे नाही, म्हणून तिथे कंजूषपणाला सबबही कमी. प्रभूने बारा शिष्यांना पाठवताना, जे मोल न देता मिळाले ते मोल न घेता द्या असे बजावले होते. मत्तयच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय या आठवड्यात घरी वाचावा. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित झालेला कार्लो आकुतिस पंधराव्या वर्षी वारला, पण त्याआधी कॉम्प्युटरवर ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांचे प्रदर्शन तयार करून त्याने ते जगाला खुले केले.

ज्यांच्या लॅपटॉपवर आधीच चोरटी प्रत आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. ती काढून टाकावी. पापनिवेदनात सांगायचे असेल तर साधेपणाने सांगावे, त्यासाठी परवान्याचे कलम पाठ करण्याची गरज नाही. आणि जे ही प्रत पैसे घेऊन इतरांना टाकून देतात, त्यांनी मला सवडीने भेटावे. कमावलेल्या पैशांचे काय करायचे हा त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मी कागदावर सोडवणार नाही.

येत्या रविवारी मिस्सेनंतर धर्मशिक्षणाच्या खोलीत लिब्रेऑफिस भरलेले पेनड्राइव्ह ठेवले असतील. लॅपटॉप आणि चार्जर घेऊन या. आधी आपल्या सर्व फाइली दुसरीकडे उतरवून ठेवा. ज्यांना येते त्या मुलामुलींनी नवख्यांच्या शेजारी बसावे. पालकांनीही यावे, दूध आणि खताचा हिशेब कॅल्कमध्ये कसा मांडायचा ते दाखवले जाईल. वीज गेल्यास पुढच्या रविवारी.

आपला धर्मगुरू